कोर्टातला कागद आपला आहे, तो मागून घ्या



वन हक्काचे दावे भरायचं काम आता पाड्यापाड्यावर चालू आहे. समित्या प्लॉटवर जाऊन पाहणी करतायत, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहितायत. पण जिथं मीटिंगला जावं तिथं एकच प्रश्न येतो, "पुरावा कुठून आणायचा? आमच्याकडे तर कागदच नाही."

आपल्याकडे कागद नाही हे खरं. पण आपल्याबद्दल लिहिलेले कागद आहेत. ते तालुक्याच्या कोर्टात आणि रेंज ऑफिसात पडून आहेत. इतकी वर्षं फॉरेस्टवाल्यांनी आपल्यावर केसेस केल्या. प्लॉट नांगरला म्हणून केस, राब भाजला म्हणून केस, झोपडी बांधली म्हणून केस. नांगर नेले, कोयते नेले, माणसांना कोर्टात उभं केलं, दंड घेतला. त्या प्रत्येक वेळी सरकारनेच लिहून ठेवलं की अमुक माणूस, अमुक पाड्याचा, अमुक तारखेला, अमुक कंपार्टमेंटमध्ये जमीन कसत होता. तेव्हा हा कागद आपल्याविरुद्ध होता. आज तोच आपला साक्षीदार आहे.

हे आम्ही मनाचं सांगत नाही. वन हक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी दिली आहे. तिच्यात कोर्टाचे हुकूम आणि निकाल स्पष्ट लिहिलेले आहेत. आपल्याला दाखवायचं आहे ते इतकंच की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे. समजा एखाद्या आजोबांवर 1985 साली प्लॉट नांगरल्याची केस झाली असेल, तर याच्यापेक्षा पक्का पुरावा कोणता?

म्हणून कोर्टातून नक्कल काढणं हे आता फक्त वकिलाचं काम राहिलेलं नाही. ते आपल्या जमिनीचं काम आहे. आणि अडचण इथंच आहे.

कोर्टात जायचं म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तारखेला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. तिथं गेल्यावर कुठल्या टेबलाला विचारायचं ते कळत नाही. दारावर पाटी असली तरी वाचता येत नाही, वाचता आली तरी समजत नाही. कारकून म्हणतो, "केस नंबर सांगा." नंबर कुणाला माहीत? मग बाहेर झाडाखाली बसलेला कुणीतरी म्हणतो, "मी काढून देतो, इतके इतके लागतील." माणूस एक तर पैसे देतो, नाही तर रिकाम्या हाताने घरी येतो. न्यायाचं दार सगळ्यांना उघडं आहे म्हणतात. पण दाराच्या आत कुठं जायचं हे ज्याला कुणी सांगत नाही, त्याला ते बंदच असतं.

तेव्हा काही गोष्टी आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. सगळे कागद कोर्टात नसतात. गार्डाने केस केली आणि रेंजरनेच दंड घेऊन ती मिटवली, तर ती कोर्टात गेलीच नाही. तिचा कागद, म्हणजे पी.ओ.आर. आणि दंडाची पावती, रेंज ऑफिसात शोधायचा. त्यासाठी 2005 चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर अपील करायचं.

दुसरी गोष्ट. केस कोर्टात गेली असेल तर त्याच कोर्टात नकलेचा अर्ज द्यायचा. त्यात आरोपीचं पूर्ण नाव, गाव, साल आणि केसचा नंबर लिहायचा. नंबराच्या आधी आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. असं लिहिलेलं असतं. घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडून बघा. समन्स असेल, जामिनाचा कागद असेल, वकिलाने तारीख लिहून दिलेली चिठ्ठी असेल. त्याच्यावर नंबर सापडतो. काहीच नसेल तर नाव, गाव आणि साल सांगून कोर्टाच्या रजिस्टरमध्ये शोधून द्या, असा लेखी अर्ज करा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तिसरी गोष्ट. वकील फुकट मिळतो, आणि ही कुणाची मेहरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. बायांना मिळते, कोठडीत असलेल्याला मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथले मोठे जजसाहेबच तिचे अध्यक्ष असतात. जातीचा दाखला घेऊन अर्ज तिथं द्यायचा.

"आम्ही मागितलंच नाही, मग कोण देणार?" असं काहीजण म्हणतील. त्यांच्यासाठी अरुणाचल प्रदेशातली एक केस सांगतो. सुक दास नावाच्या माणसाला वकील नसताना दोन वर्षांची शिक्षा झाली होती. त्याने वकील मागितला नव्हता, म्हणून दिला नाही, असं सरकारचं म्हणणं. 1986 साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. गरीब, न शिकलेल्या माणसाला आपला हक्कच माहीत नसतो, तो मागणार कसा? तुला मोफत वकील मिळू शकतो, हे न्यायाधीशाने स्वतः त्याला सांगितलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. आपल्या किती माणसांना हे कोर्टात सांगितलं गेलं? आठवून बघा.

चौथी गोष्ट भाषेची. आरोपीला कळत नसलेल्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असं कायदा सांगतो. आपली वारली, कातकरी, कोकणा माणसं घरात आपली बोली बोलतात. कोर्टातली मराठी आम्हा बारावी झालेल्या पोरांनाही दोनदा वाचावी लागते. "समजलं का?" विचारल्यावर भीतीने मान हलवू नका. नाही समजलं तर नाही म्हणा.

आता एक सावधगिरी. नक्कल मिळाली की तशीच दाव्याला जोडू नका, आधी कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. नुसती लाकूड तोडल्याची केस असेल तर तिने जमीन कसल्याचं सिद्ध होत नाही. त्यात नांगरणी, पीक, बांध, झोपडी, कंपार्टमेंट नंबर यातलं काय लिहिलंय ते बघा. एकाच कागदावर अवलंबूनही राहू नका, कारण नियमाप्रमाणे एकाहून जास्त पुरावे बघितले जातात. कोर्टाच्या कागदाबरोबर म्हाताऱ्या माणसाचा जबाब आणि प्लॉटवरच्या बांधांची, झाडांची पाहणी जोडा. आणि ज्याच्यावर कधी केसच झाली नाही त्याने घाबरू नये. त्याचा दावा जबाबावर आणि पाहणीवरही उभा राहतो.

घाई करायला मात्र कारण आहे. कोर्ट जुन्या फाईली कायम ठेवत नाही. मुदत संपली की त्या नष्ट करतात. आज कपाटात असलेला कागद पुढच्या वर्षी असेलच असं नाही. फाईल नष्ट झाली असं सांगितलं तर तेच लेखी मागा. तसंच, प्रांतांच्या समितीने दावा नाकारला तर जिल्हा समितीकडे जायला 60 दिवसच असतात. तोंडी "नामंजूर" ऐकून घरी येऊ नका, निर्णयाची प्रत घ्या.

संघटनेच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुका कोर्टात नक्कल कशी मिळते, फी किती, मोफत वकील कुठं मिळतो, याची सोप्या मराठीत मोठी पाटी लावा. न वाचता येणाऱ्याला अर्ज लिहून देणारा माणूस बसवा. आणि दाव्यांचं काम संपेपर्यंत जंगल जमिनीच्या केसेसची एकही फाईल नष्ट करू नका. या तिन्ही मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. त्याची एक प्रत जिल्हा न्यायाधीशांना पाठवा, एक संघटनेकडे द्या.

तोपर्यंत प्रत्येक पाड्याने एक काम करायचं. कुणावर कुठल्या साली केस झाली, कुठल्या कोर्टात, किती दंड भरला, याची यादी करायची. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. वाचता येणारा एक पोरगा आणि एक पोरगी निवडा आणि पाड्यातल्या सगळ्यांचे अर्ज एकदम घेऊन जा. एकट्या माणसाला कारकून उद्या या म्हणतो. वीस अर्ज एकदम टेबलावर आले तर त्याला रजिस्टर उघडावंच लागेल.

ज्या कागदाने आपल्याला चोर ठरवलं, त्याच कागदाने आपण मालक होऊ. जिंदाबाद!