पुराच्या शेतातील झाड कोणाचे?

इंद्रायणी, पवना, मुळा आणि भामा या नद्यांच्या काठची जमीन एके काळी आमच्या शेतकऱ्यांचा जीव की प्राण होती. मळईचा गाळ, हाताला लागणारे विहिरीचे पाणी आणि त्यावर ऊस, कांदा, माळवे. तीच जमीन आज मोशी-चिखलीपासून नदीपलीकडच्या मोई-चिंबळीपर्यंत अनेक घरांच्या गळ्यातील लोढणे होऊन बसली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नद्यांनी काठ सोडला, जुलै २०२४ मध्ये पुन्हा सोडला. चाकण आणि पिंपरीकडे कारखाने, रस्ते व सिमेंटची अंगणे वाढली. पूर्वी जे पाणी मातीत मुरे, ते आता ओढ्यानाल्यांतून धावत नदीत येते. पेरलेले कुजते, आणि पूर ओसरल्यावर शेतात गाळाऐवजी शहराचा कचरा राहतो.

अशा नाडलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर दोन पाहुणे येतात. पहिला जागेचा दलाल. तो म्हणतो, राडारोडा टाकून भर घालू, गुंठ्यागुंठ्याने विकू. याचा शेवट काय होतो हे चिखलीने पाहिले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर चढते, साधारण तेथे निळी पूररेषा आखतात. तिच्या आत घर बांधण्यास मनाई आहे. त्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ च्या आदेशावरून महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. घर घेणाऱ्याचे घर गेले, आणि जमीन पुन्हा शेत झाली नाही ती नाहीच.

दुसरा पाहुणा सरकारी कागद. तो सांगतो, झाडे लावा आणि अनुदान घ्या. या दुसऱ्या पाहुण्याचे आम्ही स्वागत करतो. जेथे पीक भरवशाचे नाही आणि घर बांधता येत नाही, तेथे झाड हाच शहाणपणाचा मार्ग. मुळे काठ धरून ठेवतात, पाण्याचा वेग मोडतो, आणि घरात चार पैसे येतात. परंतु पाहुण्याच्या हातातील कागद नीट वाचून घेतला पाहिजे. कारण तो माळरानासाठी लिहिलेला आहे, पुराच्या शेतासाठी नव्हे.

२०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचेच पाहा. तीत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी ठरले, आणि पुढचा हप्ता झाडे ठराविक प्रमाणात जिवंत असतील तरच. माळावर ही अट वाजवी आहे. पण काठावर जूनमध्ये लावलेले हातभर रोप ऑगस्टच्या पुरात गेले, तर दोष कोणाचा? शेतकऱ्याने खड्डे खणले, कुंपण घातले, पाणी घातले. नदीने रोप नेले आणि त्या रोपाबरोबर पुढचा हप्ताही नेला! पुन्हा ती योजना फळझाडांची. ओल सोसणारे जांभूळ तीत आहे; पण काठ धरणारे करंज, अर्जुन आणि बाभूळ नाहीत.

बांबूचीही गोष्ट तशीच. बांबू म्हटला की सगळे सारखेच, अशी समजूत आहे. मानवेल हा कोरड्या डोंगर-उताराचा बांबू. साचलेल्या पाण्यात त्याची मुळे गुदमरतात. काटेरी कळक मात्र ओढ्यानदीकाठी आपणहून वाढतो. रोपवाटिकेत जे शिल्लक असेल ते शेतकऱ्याच्या माथी मारायचे आणि मेले म्हणजे त्याच्यावर आळसाचा ठपका ठेवायचा, हा न्याय नव्हे.

राज्यात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पन्नास कोटी झाडे लावण्याचा मोठा डंका वाजला. पुढे त्यांतील किती जगली, यावर विधिमंडळात वाद झाला. रोप लावणे हा एका दिवसाचा समारंभ आहे. झाड जगवणे हे तीन-चार वर्षांचे कष्ट आहेत. समारंभ पुढाऱ्याचा आणि कष्ट कुणब्याचे, तर मग पैसाही कष्टामागे गेला पाहिजे. इंग्लंडात २०२१ पासून चाललेल्या झाडांच्या अनुदानात नदीकाठच्या व पूर कमी करणाऱ्या लागवडीस वरकड रक्कम देतात, आणि लावणीनंतर पुष्कळ वर्षे निगराणीचा खर्चही देतात. तेथील सरकारास जे सुचले ते आमच्या सरकारास का सुचू नये? शेतकरी झाडे लावतो तेव्हा खालच्या अंगाच्या सांगवी-दापोडीच्या वस्तीवरचे पाणीही थोडे अडते. शहराच्या भल्याचे काम शेतकऱ्याने फुकट का करावे?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. पूररेषेतील शेतांसाठी झाडांची वेगळी यादी करा. तेथे हातभर नव्हे, पुरुषभर उंचीची रोपे द्या, आणि ती खड्ड्यात नव्हे, मातीच्या उंच वरंब्यावर लावण्याची मजुरी मोजा. पुराने गेलेली रोपे पंचनामा करून एकदा फुकट बदलून द्या. मोजणी पूर ओसरल्यावर करा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, झाड कोणाचे ते आधी लिहून द्या. वनखात्याने शेतकऱ्याचे रान कसे बळकावले, आणि पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत, हे जोतीरावांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ यात मांडले. ती धास्ती आमच्या घरांतून अजून गेलेली नाही. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत जांभूळ आहे. म्हणजे स्वतः लावलेले जांभूळ तोडण्यासही परवानगीचे उंबरे झिजवावे लागतात. शेतातील बांबू २०१७ साली वनकायद्याच्या कचाट्यातून सुटला. अनुदानाने लावलेल्या प्रत्येक झाडाची नोंद लावणीच्या दिवशीच सात-बाऱ्यावर झाली, तर असलीच मोकळीक इतर झाडांनाही देता येईल.

सात-बाऱ्यात ज्यांचे नाव नाही त्यांचे काय? वाटेकरी, आणि राबणाऱ्या बायका यांच्या हाती अनुदानाचा पैसा पडत नाही. निदान रोपवाटिकांचे काम तरी गावातील बायकांच्या बचतगटांना द्यावे. काठावर कळक उभा राहिला तर बुरुडाच्या हाताला काम मिळेल, बाभूळ वाढली तर सुताराला लाकूड, करंज फळला तर तेलाला बी. झाड एका शेतात वाढते, पण त्यावर सारा गाव जगतो.

शेतकरी बंधूंनो, पूर्वी कुलकर्ण्याच्या दप्तरापुढे अडाणी म्हणून आपण नागवले गेलो. आता संगणकाच्या पडद्यापुढे तसे होऊ देऊ नका. अर्ज भरण्यापूर्वी अटी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. भावाभावांत सामाईक जमीन असेल तर संमतीपत्रे आधी करा. एकट्याने अर्ज करू नका. काठावरच्या साऱ्या खातेदारांनी मिळून ग्रामसभेत ठराव मांडा. आणि दलालाचा डंपर बांधावर आला, तर त्यास आल्या पावली परत पाठवा. भर घातलेली जमीन पुन्हा हाती येत नाही. झाडाखालची जमीन मात्र आपलीच राहते.