कोळंबीच्या ताटात कोणाचा घास?

रविवारची कोळंबी हा आमच्या घरचा जुना रिवाज. गेल्या रविवारी जेवताना नातीने विचारले, "आजोबा, तळ्यातली कोळंबी खाते तरी काय?" सूनबाई म्हणाली, "आधी तू खा." पण या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे.

१९९३ च्या सुमारास मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाखेत शेतीची कर्जे पाहत होतो. कोळंबी प्रकल्पाच्या प्रस्तावात बी, वीज, मजुरी अशा खर्चाच्या ओळी असत. पण निम्म्याच्या आसपास रक्कम एकट्या खाद्याची. एका कर्जदाराने (त्यांना सगळे तात्या म्हणत) मला गोदामात नेऊन पोते उघडून दाखवले. सुक्या मासळीचा भपकारा आला. "साहेब, मासळी पिकवायला मासळीच पेरायची," तात्या हसून म्हणाले. पुढे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभरातली तळी बसली, त्यात तात्यांचेही बसले. खाते थकले. वाक्य मात्र माझ्याकडे राहिले.

त्या वाक्यात सगळा हिशेब आहे. एक किलो मासळीची भुकटी, म्हणजे फिशमील, करायला साधारण चार ते पाच किलो ओली मासळी लागते. त्यात तारली जाते. तारली म्हणजे गरिबाच्या ताटातला मासा. जाळ्यात सापडलेली मोठ्या माशांची पिल्लेही जातात. म्हणजे उद्याचे मुद्दल आज मोडायचे. जगाला फिशमील पुरवणाऱ्या पेरू देशाने २०२३ मध्ये अँकोव्ही मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला, कारण एल निनोमुळे समुद्र तापला होता आणि जाळ्यात पिल्लेच येत होती. समुद्र हा काही कायम ठेवीचा खातेदार नव्हे.

म्हणून पर्याय शोधणे आले. पहिला पर्याय सापडला सोयाबीनचा. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत पंचेचाळीस टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. मेथिओनिन हे आवश्यक द्रव्य त्यात कमी, ते वेगळे घालावे लागते; पचनाला आड येणारे घटक उष्णतेने मारावे लागतात. शिवाय कोळंबी वासावर खाते, त्यामुळे थोडी मासळी ठेवावीच लागते. तरीही आज आंध्रातल्या तळ्यांत वाढणाऱ्या व्हनामी कोळंबीच्या खाद्यात सोयापेंडीचा वाटा मोठा आहे. लातूरचे शेत आणि आंध्रचे तळे असे एका पोत्याने बांधले गेले.

ही गाठ किती काचते, ते २०२१ मध्ये दिसले. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात पोचले. कोंबडी आणि मत्स्य व्यावसायिकांची ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. पाठोपाठ नव्या पिकाची आवक सुरू झाली आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आला. लातूरकडचा माझा एक मावसभाऊ तेव्हा फोनवर एवढेच म्हणाला, "भाव व्हता तवा माल नव्हता, माल आला तवा भाव गेला." २०२४ च्या हंगामात तर बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होता. एव्हाना पर्यायालाही पर्याय निघाला होता: मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा. तो पेंडीपेक्षा स्वस्त. कोंबडीखाद्यात तो शिरला आणि पेंडीची मागणी हटली.

आता नाव घेतले जाते कीटकांचे. ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढतात, आणि त्यांची भुकटी मत्स्यखाद्यात वापरायला युरोपने २०१७ मध्ये मोकळीक दिली. वायूवर वाढवलेल्या जीवाणूंचीही प्रथिने निघाली आहेत. कल्पना उत्तम, पण किंमत अजून पेंडीला टेकत नाही. फ्रान्समधली कीटक-प्रथिनांची एक बडी कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. शिवाय अळ्यांनाही धान्याचाच कोंडा घातला, तर फिरून भोपळे चौकात.

बँकेत जुने कर्ज नव्या कर्जाने फेडणारे खातेदार आम्ही लगेच ओळखत असू. कागद स्वच्छ दिसे, बोजा तसाच राही. प्रथिनांच्या पर्यायांचे तसे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मी संशोधनाच्या विरुद्ध नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने देशी कच्च्या मालातून खाद्य बनवून दाखवले, याचा मला आनंदच आहे. पण प्रत्येक पर्यायाला एक प्रश्न विचारावा: हा बोजा कोणाच्या खात्यावर? खाद्य कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांशी पेरणीआधी भावाचा करार करावा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवले. ते बंदरावर मोजले जावे. आणि अळ्यांचा कारखाना काढायचाच, तर तो शहराच्या ओल्या कचऱ्यावर चालवून दाखवावा.

नातीला मी थोडक्यात सांगितले, "समुद्रातली तारली आणि लातूरचे सोयाबीन." तिने ताटातल्या शेवटच्या कोळंबीकडे पाहिले आणि म्हणाली, "मग हिचे पैसे त्यांनाही मिळतात ना?"

कर्जप्रस्तावावर असा शेरा मारायला मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवे होते.