कलाविहार : पेल्याला डोळे फुटतात तेव्हा

श्वेतांबर परंपरेतील अष्टमंगलांकडे पाहताना लहान मुलांच्या नजरेला एक गोष्ट मोठ्यांच्या आधी दिसते : पूर्णकलशाला दोन डोळे असतात. कल्पसूत्राच्या सचित्र हस्तलिखितांतही त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांपैकी कलशाच्या स्वप्नात असे डोळे अनेकदा आढळतात. दोन ठिपके उमटताच भांडे आपल्याकडे पाहू लागते. आजची मुले चहाच्या कपाला किंवा सरबताच्या पेल्याला डोळे, गाल आणि इवलेसे पाय देऊन संगणकावर जे गोंडस जीव काढतात, त्यांच्या मुळाशी हीच किमया आहे. चौकोनाला चौकोन जोडून साकारणाऱ्या या प्रकाराला पिक्सेल-चित्र म्हणतात.

घोडपदेवसारख्या गिरणगावातील वस्तीला चौकोनांची ही भाषा परकी वाटू नये. जॅकार्ड मागावर विणायची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर मांडावी लागते. धागा कोठे वर यावा आणि कोठे खाली जावा, हे एकेक चौकोन ठरवतो. जपानमधील शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली मोबाईलसाठी १७६ चित्रे रचली, तीही प्रत्येकी १२ गुणिले १२ चौकोनांच्या मर्यादेत. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. मोजक्या चौकोनांत नेमके तेच ठेवणे, हा या कलेचा संयम होय.

आता आपण पीयूषाचा पेला काढू. संगणक नसल्यास चौकटींची वही पुरेशी आहे. १६ गुणिले १६ चौकोन घ्यावेत. वरच्या ३ ओळी केशराच्या तुऱ्यासाठी आणि तळाची एक ओळ पायांसाठी राखावी. मधल्या १२ ओळींत पेला बसवावा : वरच्या ९ ओळींत त्याची रुंदी १० चौकोन, खालच्या ३ ओळींत ८. रुंदी सम असल्याने चेहरा बरोबर मध्ये येतो. रंग पाचच ठेवावेत : बाह्यरेषेला गडद तपकिरी, पीयूषाला फिकट पिवळा, सावलीला गडद पिवळा, तुऱ्याला व गालांना केशरी, आणि चकाकीला पांढरा. बाह्यरेषा काळी केली तर एवढ्या लहान चित्रात ती रंगांना गिळून टाकते.

प्रकाश डावीकडून वरून येतो असे मानून, बाह्यरेषेच्या आत डावीकडे वर दोन चौकोन पांढरे करावेत आणि उजवीकडची शेवटची उभी ओळ गडद पिवळ्याने भरावी. डोळे पेल्याच्या मध्याच्या किंचित खाली असावेत, प्रत्येकी दोन चौकोन उंच आणि एकमेकांपासून चार चौकोन दूर. चेहरा खाली आणि डोळे दूर असले की बालपणाचा भास होतो. गोंडसपणाचे रहस्य हेच आहे. डोळ्यांच्या खालच्या ओळीत मधोमध दोन चौकोनांचे तोंड आणि दोन्ही कडांना एकेक केशरी गाल आला की पेला हसू लागतो. चित्र मोठे करायचे तर दुप्पट, चौपट, आठपट असे पूर्ण पटीतच करावे आणि पीएनजी स्वरूपात साठवावे. जेपीईजीमध्ये कडा मळकट होतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्या घरांत टाळता येणार नाही. ज्याला आपणच डोळे दिले, त्याला पिऊन टाकायचे कसे? सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ काव्यात राजा यशोधराची कथा आहे. मातेच्या आग्रहावरून त्याने पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. कोंबडा निर्जीव होता, संकल्प मात्र हिंसेचा होता. म्हणून मातापुत्रांना पुढे कित्येक जन्म पशुयोनीत भोगावे लागले. गोंडस प्राण्यांना फोडण्याचे, चिरडण्याचे खेळ मुलांच्या हाती देताना ही कथा आठवावी. चित्र निर्जीव असते, पण ते पाहताना मनात उठणारा भाव निर्जीव नसतो.

याचे उत्तर कलशानेच दिले आहे. त्याचे डोळे भांड्यावर आहेत, आतल्या जलावर नाहीत. आपणही डोळे पेल्याला द्यावेत, पेयाला नव्हे. मग याच चित्राच्या आणखी दोन प्रती काढाव्यात. दुसऱ्या प्रतीत पीयूष निम्म्यावर यावे, डोळे मात्र जागच्या जागी राहावेत. तिसऱ्या प्रतीत पेला रिकामा असावा आणि डोळे मिटलेले, म्हणजे प्रत्येकी दोन आडव्या चौकोनांचे. तिन्ही चित्रे ओळीने पाहिली की मुलाला कळते : पेला मेला नाही, देऊन झाल्यावर तो निवांत झोपला.

उष्ट्या पाण्यात दोन घटिकांनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनंतर, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून पेल्यात घोटभरही ठेवू नये, असे आजी रोज सांगते. तिचे बोलणे नातवंडांना कधी उपदेश वाटते, कधी कटकट. हे तिसरे चित्र पाणी ठेवण्याच्या जागेजवळ चिकटवून पाहावे. अर्धा पेला तसाच ठेवून उठणाऱ्या मुलाला मग कोणी रागावण्याची गरज पडू नये; पेल्याचे डोळे अजून उघडेच आहेत, हे त्याचे त्यालाच दिसेल.