विकिपीडियाला हवेत मराठी डॉक्टर

पावसाळा सुरू झाला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि मोबाइलवर फिरणारे सल्लेही वाढतात. पपईच्या पानांचा रस घ्या, प्लेटलेट लगेच वाढतील, असा मजकूर कोणतीही शहानिशा न होता घरोघरी पोहोचतो. महत्त्वाची माहिती मात्र त्यात सहसा नसते. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. त्या काळात पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणे दिसली, तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. ‘ताप गेला म्हणजे आजार गेला’ हा समज जिवावर बेतू शकतो.

इंग्रजी वाचणाऱ्याला अशी माहिती विकिपीडियावर सहज मिळते. डेंग्यूवरील इंग्रजी लेख तर २०१४ मध्ये ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाने तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध केला होता.

कोणीही बदलू शकेल अशा ज्ञानकोशावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. ‘नेचर’ने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात प्रत्येक नोंदीमागे सरासरी चार, तर ब्रिटानिकात तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेवर आक्षेप घेतला. पण स्वयंसेवकांचे काम अगदीच टाकाऊ नाही, एवढे त्यातून दिसले. इंग्रजी विकिपीडियावर आरोग्यविषयक दाव्यांसाठी नियमही कडक आहेत. एखाद्या सुट्या प्रयोगाचा निष्कर्ष किंवा वर्तमानपत्रातील बातमी पुरेशी मानली जात नाही; अनेक अभ्यासांचा आढावा घेणारा लेख किंवा मान्यताप्राप्त संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे लागतात.

पण हे नियम आपोआप पाळले जात नाहीत. त्यासाठी जाणकारांची नजर लागते आणि मराठीत तीच कमी पडते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लाखाच्या आसपास लेख आहेत. त्यांतील आजारांविषयीच्या अनेक नोंदी त्रोटक आहेत, संदर्भही अपुरे आहेत. मूठभर स्वयंसेवक चिकाटीने काम करतात, पण औषधाची मात्रा बरोबर आहे का, हे पाहणे त्यांच्याकडून अपेक्षित नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेतले तरी तपासायला माणूस लागतोच.

म्हणूनच डॉक्टरांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी पुढे यायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय महाविद्यालयाने २०१३ पासून विद्यार्थ्यांना विकिपीडियावरील लेख सुधारण्याच्या कामासाठी शैक्षणिक श्रेयांक दिले. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठालाही असा प्रयोग करता येईल. डेंग्यू, क्षयरोग, सर्पदंश, मधुमेह अशा वीस-पंचवीस विषयांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ. विद्यार्थ्यांनी लिहावे, प्राध्यापकांनी तपासावे. रुग्णाला समजेल अशा भाषेत आजार समजावून सांगण्याचा सराव होईल, हा त्यांचाही फायदाच.

विकिपीडिया डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. वैद्यकीय सल्ला देत नसल्याचे तो स्वतःच नमूद करतो. पण डॉक्टरांकडे केव्हा धावायचे, हे कळण्यासाठी तरी योग्य माहिती आपल्या भाषेत हवी. जाणकारांनी ती लिहिली नाही, तर ती जागा पपईच्या पानांचा रस घेतो.