फाईलवर पहिलं नाव कुणाचं?

आमच्या डोंबिवलीच्या सल्ला केंद्रात बाया येतात त्या बहुतेक मारहाण, पोटगी, दारू, सासरचा जाच अशी गाऱ्हाणी घेऊन. गेल्या पावसाळ्यात एक आली ती प्लॅस्टिकची फाईल घेऊन. वय बत्तीस, एम.कॉम., ठाण्याच्या एका खाजगी कंपनीत आठ वर्षं हिशेबाचं काम. नवरा डिप्लोमा झालेला, तोही नोकरीत. दोघांचं कॅनडाला जायचं ठरलेलं. तिला कुणी मारत नव्हतं, कुणी टाकलं नव्हतं. फाईल माझ्यासमोर उघडून ती म्हणाली, "ताई, ह्यात माझं नाव दुसरं का, एवढंच विचारायचंय."

मी गप्प झाले. एम.एस.डब्ल्यू. करताना कायद्याची कलमं शिकले, कौटुंबिक न्यायालयाची पायरी कशी चढायची ते शिकले, हे काही कुणी शिकवलं नव्हतं. तिने एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मॅडम, मिस्टरांचंच नाव पहिलं टाकतात." कोण टाकतं? आपल्याकडे रेशनकार्डावरसुद्धा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं. कॅनडाचा नियमही मिस्टरांचं नाव मागत नाही. नवरा-बायकोपैकी कुणीही मुख्य अर्जदार होऊ शकतं.

मग आम्ही दोघी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिथे गुणांवर निवड होते. इंग्रजीच्या चार कसोट्या: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. जोडीने अर्ज करताना मुख्य अर्जदाराने कॅनडाच्या मापाची नववी पातळी गाठली तर प्रत्येक कसोटीला 29 गुण, चारांचे मिळून 116. तीच पातळी दुसऱ्या नावाच्या माणसाने गाठली तर प्रत्येकी 5, म्हणजे सगळे मिळून 20. तीच बाई, तीच परीक्षा, तोच निकाल! पदव्युत्तर पदवी मान्य झाली तर पहिल्या नावाला 126 गुण, दुसऱ्याला 10. वयाचे गुण तर फक्त पहिल्या नावालाच. हिचं शिक्षण नवऱ्यापेक्षा जास्त, इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं. सवयीने नवऱ्याचं नाव पुढे करून त्या घराने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

नवरा वाईट नाही. पुढच्या खेपेला तो बरोबर आला, आकडे पाहिले आणि म्हणाला, "अहो मॅडम, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." खरं असेल. पण त्याच्या क्लासचे पैसे भरून झाले होते, परीक्षेची फीही भरली होती, आणि तिचं 'नंतर बघू' होतं. हे 'नंतर' आपल्या सगळ्याजणींच्या चांगलं ओळखीचं आहे.

आता परीक्षा कुठली? ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, क्लासच्या पाट्याच पाट्या. आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत, अकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. ऐकणं-बोलणं दोन्हीत सारखं, वाचन-लेखन वेगळं. शिकायला जाणाऱ्यांना अकॅडेमिक लागते. कॅनडात ह्या मार्गाने स्थायिक व्हायचं तर जनरलच हवी; नाहीतर सेल्पिप जनरल, किंवा 2024 पासून पीटीई कोअर. आमच्याकडे आलेल्या एकीला क्लासने दोन महिने आलेखांची वर्णनं लिहायला लावली, कारण बाकीची बॅच कॉलेजच्या मुलांची होती. तिला परीक्षेत लिहायचं होतं साधं पत्र. पैसे परत मिळाले नाहीत, हे सांगायला नकोच.

परिचारिकांचं गणित आणखी वेगळं. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला आयईएलटीएस अकॅडेमिक चालते, लेखनात साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात बँड. ओईटीही चालते. तिच्यात पेशंटविषयीचं पत्र लिहायचं असतं, पेशंटशी बोलायचा प्रसंग वठवायचा असतो. वॉर्डात बारा वर्षं काढलेल्या बाईला हे निबंधापेक्षा कितीतरी जवळचं. फी मात्र जवळजवळ दुप्पट. म्हणून आधी देश, मग व्हिसा, मग परीक्षा. आणि मान्य परीक्षांची यादी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची, एजंटच्या तोंडून नाही.

आणि नाव! ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो, नोंदणी त्यावरच्या नावानेच करावी लागते. आपल्या बायकांचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, पदवीवर वडिलांचं नाव मधे, पगारपत्रकावर नवऱ्याचं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, तरी ही खिचडी घरोघरी शिजलेली. फी भरण्याआधी ती निस्तरा.

ह्या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे वेळ. नवरा अभ्यासाला बसला की घरातला टीव्ही बंद होतो, टेबलावर चहा येतो. ती अभ्यास करते लोकलमध्ये, लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून, कानात इयरफोन. ऐकण्याची तयारी तशी होतेही. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, आणि डोंबिवलीच्या गर्दीत एकदा ऐकून समजायला लागलं की परीक्षेच्या खोलीत काहीच जड जात नाही! पण लिहिणं उभ्याने होत नाही. एका तासात दीडशे शब्दांचं पत्र आणि अडीचशे शब्दांचा निबंध, निबंधाला दुप्पट वजन. त्यासाठी घरी सलग एक तास हवा. दार लावून, कुणीही हाक न मारता. आमच्या गटात मी विचारलं, असा तास शेवटचा कधी मिळाला होता? दहावीच्या आधी, असं एकीने सांगितलं. बाकीच्या हसल्या, पण उत्तर कुणी बदललं नाही.

बोलण्याच्या परीक्षेत 'फावल्या वेळात काय करता' असले प्रश्न हमखास येतात. सरावाला आमची ही हिशेबनीस पहिल्यांदा तिथेच अडली. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. "ताई, काय सांगू? खोटा छंद सांगू का?" उत्तर खरं की खोटं हे परीक्षक तपासत नाहीत, ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार पाहतात, हे मी तिला सांगितलं. पण मलाच ते बरं वाटलं नाही. शेवटी ती बोलली लोकलमधल्या ग्रुपवर: मटार सोलणं, वाढदिवस, भिशी. पाच मिनिटं न अडखळता बोलली.

इंग्रजी शिकून समुद्रापार जाण्याची गोष्ट आमच्या कल्याणला नवी नाही. आनंदीबाई जोशी 1865 साली कल्याणातच जन्मल्या. फेब्रुवारी 1883 मध्ये, अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात भरसभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो ते त्यांनी इंग्रजीतून सांगितलं. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. गोपाळरावांच्या ध्यासाचं कौतुक शाळेत शिकवतात. लहानपणी त्यांनी केलेल्या मारझोडीची आठवण आनंदीबाईंनी पुढे पत्रातून त्यांना करून दिली होती, ते शिकवत नाहीत. तेव्हा बायकोने शिकायचं हे नवऱ्याने ठरवलं, आता तिचं 'नंतर' असं नवरा ठरवतो.

संघटनेतल्या काही मैत्रिणी मला विचारतात, बायकांना परदेशी धाडणं हे आपलं काम आहे का? धाडत नाही मी कुणाला. उलट दार अरुंद होतंय हे स्पष्ट सांगते. कॅनडाने 2025 साठी कायम वास्तव्याचा आकडा 3,95,000 वर आणला, आदल्या वर्षी तो 4,85,000 होता. परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो, तोवर बोलावणं आलं नाही तर फी पाण्यात. पण बाई जाणारच असेल तर ती कुणाच्या कागदावर जाते हे तिला ठाऊक हवं. अमेरिकेत एच-4 व्हिसावर गेलेल्या शिकल्यासवरल्या बायकांना 2015 पर्यंत नोकरी करायची मुभाच नव्हती, त्यानंतरही ठरावीक जणींनाच मिळाली. त्यांच्या रिकाम्या दुपारींबद्दल इथे त्यांच्या आयांकडून मी पुष्कळ ऐकलं आहे.

फाईल नव्याने भरून झाली आहे, पहिलं नाव तिचं. परीक्षा पुढच्या महिन्यात. रविवारी सकाळी नवरा मुलीला घेऊन बाहेर जातो आणि ती दार लावून लिहायला बसते. गेल्या रविवारी सासूबाईंनी मध्येच दार वाजवून साबुदाणा कुठे ठेवलाय विचारलं. तिने आतूनच सांगितलं, आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.