अपील चालू द्या, भरपाई अडवू नका

गुन्हेगाराला शिक्षा झाली, त्याने भरपाई द्यावी असा हुकूमही झाला, आणि तरी ज्यांच्या हाती रुपया पडला नाही, त्या माणसांची ही चळवळ आहे.

आमचे भांडण अपिलाशी नाही. वरच्या कोर्टात जाण्याचा आरोपीचा हक्क राहिलाच पाहिजे; खालच्या कोर्टाचे निकाल फिरतात, कधी रास्तपणे फिरतात. भांडण आहे ते मधल्या वर्षांशी. दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालेच तर त्याचा निकाल लागेपर्यंत द्यायची नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 395 सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 मध्येही हेच होते. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला, ही अट मात्र तशीच राहिली. तोवर दवाखान्याचे बिल थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही, सावकाराचे व्याज तर नाहीच नाही.

आता चेक बाउन्सचा खटला बघा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने कलम 148 आले. दोषी ठरलेला अपिलात गेला, तर दंडाची किंवा भरपाईची किमान 20 टक्के रक्कम भरायला लावण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. अपील चालू असतानाच ती फिर्यादीला देता येते; आरोपी सुटला, तर फिर्यादीने ती व्याजासह परत करायची. न वटलेल्या चेकसाठी जे सुचले, ते चाकूने फाडलेल्या पोटासाठी, अॅसिडने जळालेल्या चेहऱ्यासाठी का सुचू नये? आम्हाला ही तरतूद शरीराविरुद्धच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी हवी आहे. एक फरक मात्र हवा: आरोपी सुटलाच, तर त्याचे पैसे सरकारने परत करावेत. उपचारात संपलेले पैसे जखमी माणूस कुठून आणणार?

गुन्हेगारच कफल्लक असेल, तर हुकूम कागदावरच राहतो. म्हणून पीडित भरपाई योजनेतून सरकारने आधी द्यावे आणि मग त्याच्याकडून वसूल करावे. त्या वसुलीला त्याने खुशाल आव्हान द्यावे. ती लढाई सरकारने लढावी, विधवेने नव्हे.

पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात आरोपीच्या अपिलाची नोटीस सरकारला जाते. पीडितालाही ती द्यावी, असे कायदा म्हणत नाही. ती मिळालीच पाहिजे.

महाराष्ट्रातून गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात व्हावा आणि दिली वा नाकारली, तरी कारणे लिहावीत. आम्ही जिल्ह्याजिल्ह्यातले निकाल वाचायला बसणार आहोत. जिथे भरपाई तुटपुंजी असेल, तिथे पीडिताला अपिलाचा हक्क आहे; ते अपील आम्ही उभे करू. ज्यांच्याकडे असा निकाल पडून आहे, त्यांनी त्याची प्रत घेऊन यावे. वकिलांनी फी न घेता वकीलपत्र भरावे.