पंखा परत द्या!

वीज वाचवायला माझा विरोध नाही. असेल कसा? दोन खोल्यांत एकदम दिवे दिसले की ‘हे काय लग्नघर आहे?’ म्हणून ओरडणाऱ्या वडिलांच्या पोटी माझा जन्म झाला आहे. माझा विरोध आहे तो वीज नेमकी कारकुनाच्याच अंगावरून वाचवायला.

हेड ऑफिसला काटकसरीचा झटका साधारण होळीनंतर येतो. परिपत्रक निघतं : ‘एसी २४ अंशांखाली नेऊ नये.’ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टारचं लेबल असलेले खोलीचे एसी कारखान्यातून येतानाच २४ अंशांवर लावलेले असावेत, असा केंद्र सरकारचा नियम आहे. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. हिशेब चोख आहे. पण पुढे आपल्या सोयीने कमीजास्त करायची मुभा त्याच नियमाने ठेवली आहे. सरकारने ठेवलेली ही मुभा हेड ऑफिस काढून घेतं आणि रिमोट साहेबांच्या खणात कुलपात जाऊन बसतो.

आता खालची परिस्थिती पाहा. एसीच्या बरोबर तोंडाशी बसणाऱ्या कॅशच्या बाई मे महिन्यात स्वेटर घालून नोटा मोजतात. काचेच्या भिंतीला पाठ लावून बसलेले कर्ज विभागातले गृहस्थ दुपारी तीनला पापडासारखे भाजून निघतात. आकडा दोघांच्याही डोक्यावर तोच! एसीला खोलीतली हवा कळते, पाठीवरचं ऊन कळत नाही.

बरं, सुखाचा हा आकडा ठरतो कोणाच्या अंगावरून? कचेऱ्यांतल्या गारव्याचं जुनं गणित ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर बेतलेलं आहे, हे २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. बायकांच्या शरीरात उष्णता कमी तयार होते, म्हणून त्याच हवेत त्या कुडकुडतात. म्हणजे सगळ्या कचेऱ्या माझ्याच वयाच्या माणसासाठी थंड केल्या जाताहेत! वजनाचा तपशील इथे देत नाही.

यावर उपाय काय? पंखा! पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. दीड टनाच्या एसीला दीड हजार वॉटच्या आसपास वीज लागते. जुन्या पंख्याला लागते पाऊणशे, नव्या जातीच्या पंख्याला तीस-पस्तीस. डोक्यावर पंखा फिरत असला, तर एसी २६ वर ठेवूनही माणूस सुखात काम करतो. पण पंखे आहेत कुठे? शाखेचं नूतनीकरण झालं, फॉल्स सीलिंग आलं आणि पंखे गेले. जुन्या कचेऱ्यांना उंच छत होतं, झरोके होते, उन्हाला दारातच अडवणारा व्हरांडा होता. नवीन इमारतींना काच आहे. आधी काच लावून ऊन आत घ्यायचं, मग एसी लावून ते बाहेर घालवायचं आणि बिल आलं की कारकुनाला देशभक्ती शिकवायची!

मी बी. कॉम. आहे, तेव्हा शेवटी हिशेबाचंच बोलतो. विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं, म्हणून ते दिसतं. घामेजलेल्या माणसाची चुकलेली बेरीज, ती शोधण्यात गेलेला अर्धा तास आणि त्यापायी गिऱ्हाइकावर निघालेला राग यांचं बिल कोणी पाठवत नाही, म्हणून ते कोणाच्याच नावे पडत नाही. आमच्यासारख्या कचेरीत पगाराचा खर्च विजेच्या कित्येक पट असतो. दोन रुपयांची वीज वाचवून वीस रुपयांचं काम घामात बुडवायचं, याला कुठल्याही खातेवहीत बचत म्हणत नाहीत.

तेव्हा साहेब, काचेला बाहेरून सावली करा, पंखे परत लावा आणि रिमोट खणातून बाहेर काढा. मग एसी २६ वर न्या, २७ वर न्या, आम्ही हूं की चूं करणार नाही. आणि तरीही परिपत्रक काढायचंच असेल, तर त्या काचेला पाठ लावून, दुपारी तीन वाजता काढा. आपोआप चार ओळींत आटपेल. तेवढाच कागदही वाचेल.